घोरणाऱ्यांची भागीदारी

४ जानेवारी

प्रिय अण्णा,

नमस्कार. पत्र बघून दचकू नका, घरी सगळे खुशाल आहेत. संघटनेचे सचिव झाल्यापासून तोंडी बोलण्यावरचा तुमचा विश्वास उडालाय. फोनवर काहीही सांगितलं तरी तुम्ही म्हणता, "लेखी द्या." तर हे लेखी.

आपण साडू. दोन सख्ख्या बहिणींचे नवरे. एवढ्या वर्षांत आपलं बोलणं "जेवण छान झालंय" आणि "निघायचं का आता?" याच्या पुढे गेलेलं नाही. आता माझं तुमच्याकडे काम निघालंय. काम पडल्यावर नातं आठवणाऱ्यांत तुम्ही मला जमा कराल, आणि ते बरोबरच आहे.

आमच्या वैद्यकीय महाविद्यालयातून मी एक संशोधन मांडलं होतं. विषय, बसचालकांमध्ये झोपेत श्वास अडकण्याचा आजार. यात माणूस घोरता घोरता मध्येच गप्प होतो, कारण घशातली वाट बंद पडते. श्वास थांबतो, मेंदू दचकून त्याला हलवतो, आणि पुन्हा घोरणं सुरू. रात्रभर हाच कारभार. सकाळी त्याला वाटतं आपण छान झोपलो. दिवसा मात्र डोळे आपोआप मिटतात. चालकाचे मिटले तर काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. तपासणी सोपी आहे, उपचारही आहे. तपासायला कोणी येत नाही, एवढंच.

संशोधन मंजूर झालं. अर्जात एक रकाना होता, "समाजातील भागीदार संस्था". त्यात मी लिहिलं, "बस कर्मचारी संघटनेशी दीर्घकालीन व दृढ भागीदारी." अण्णा, ती दृढ भागीदारी म्हणजे तुम्ही. दीर्घकालीन म्हणजे माझं लग्न झाल्यापासून. तुम्हाला विचारायचं तेवढं राहून गेलं.

या महिन्याच्या शेवटी तुमच्या डेपोत शिबिर घेतोय. चालकांनी एक प्रश्नावली भरायची. ज्यांच्यात लक्षणं दिसतील त्यांनी एक छोटं यंत्र घरी न्यायचं, बोटाला आणि छातीला लावून एक रात्र झोपायचं. बस.

मी समाजाच्या आरोग्याचा तज्ज्ञ आहे आणि आमच्या जिन्यात समोरच्या दारामागे कोण राहतं हे मला माहीत नाही. त्यामुळे माणसं जमवायचं काम तुमच्याकडे.

तुमचा,
डॉक्टर


१२ जानेवारी

डॉक्टरसाहेब,

नमस्कार. पत्र पोचलं. माझं लग्न मला न विचारता ठरलं होतं, आता भागीदारीही तशीच ठरली. पहिलीबद्दल तक्रार केली नाही, दुसरीबद्दल कशाला करू?

शिबिराची सूचना फलकावर लावली. संध्याकाळपर्यंत तिच्याखाली कुणीतरी घोरणाऱ्या माणसाचं चित्र काढून ठेवलं होतं. पोट हुबेहूब माझं आहे. कलाकाराचा शोध चालू आहे.

तुमच्या प्रश्नावलीची प्रत वाचली. "गाडी चालवताना कधी डुलकी लागते का?" असा प्रश्न, आणि खाली नाव, बिल्ला क्रमांक, सही. डॉक्टर, इथे "हो" लिहून खाली सही करणारा चालक सापडला तर त्याचा लगेच सत्कार उरका. चालक म्हणून त्याची ती शेवटची सही असेल.

माझं म्हणाल तर मला झोपेची काडीमात्र तक्रार नाही. पाठ टेकायचा अवकाश. खरं तर पाठ टेकायचीही गरज पडत नाही. लग्नाच्या मांडवात, दाढी करून घेताना, कुणाचंही भाषण चालू असताना मी शांत झोपू शकतो. मागच्या बैठकीत मी स्वतः मांडलेल्या ठरावावर मतदान चालू असताना मला झोप लागली. ठराव मंजूर झाला म्हणे. अशी झोप भाग्यवंतांना मिळते.

तुमच्या ताईची, म्हणजे आमच्या हिची, झोप मात्र फार वाईट. बिचारी निम्मी रात्र उठून बसलेली असते. तिच्यासाठी काही औषध असेल तर जरूर पाठवा.

शिबिराच्या दिवशी मला लांबची फेरी आहे. बदली मिळत नाही. पण संघटना तुमच्या पाठीशी आहे, म्हणजे फलक तिथेच राहील.

आपला,
अण्णा


२ फेब्रुवारी

प्रिय अण्णा,

शिबिर पार पडलं. "पार पडलं" यातलं "पडलं" तेवढं घ्या.

आम्ही मांडव घातला होता, खुर्च्या मांडल्या होत्या. "निरोगी झोप, सुरक्षित प्रवास" असा भलामोठा फलक होता, त्यावर माझा फोटो. त्या फोटोत माझेच डोळे अर्धे मिटलेले आहेत हे छापून आल्यावर लक्षात आलं. सुरुवातीला गर्दी उत्तम होती. मला भरून आलं. मी विभागप्रमुख बाईंच्या कानात म्हणालोसुद्धा, "बघा मॅडम, समाज कसा पुढे येतो."

मग तुमचे डेपो व्यवस्थापक उद्घाटनाला उभे राहिले. सुरेख बोलले. प्रवाशांची सुरक्षा हे आमचं ब्रीद आहे म्हणाले. ज्या चालकात हा दोष निघेल त्याला त्याच दिवशी स्टिअरिंगवरून खाली उतरवू, कुणाचीही गय करणार नाही, असंही म्हणाले. मी सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या आणि त्यांना पुष्पगुच्छ दिला. गुच्छ देऊन वळलो तर समोर नुसत्या खुर्च्या.

शेवटपर्यंत तिघे थांबले. एकाला सासूबाईंच्या गोळ्या दाखवायच्या होत्या. दुसरा पंख्याखाली बसायला आला होता, तो प्रामाणिकपणे तसं म्हणाला. तिसरा झोपला होता. त्याला उठवून प्रश्नावली दिली तर म्हणाला, "मला झोपेचा काही त्रास नाही," आणि तडक गेला. खरा रुग्ण तोच असणार, पण मी त्याला उठवून घालवला.

लोकांत जागरूकता नाही, दुसरं काय? तुम्ही असता तर चित्र वेगळं दिसलं असतं. तुमची फेरी कशी झाली?

डॉक्टर


१० फेब्रुवारी

डॉक्टरसाहेब,

जागरूकता नाही असं कसं म्हणता? तुमच्या मांडवात सगळा डेपो एका वाक्यात जागा झाला आणि चालू लागला. एवढी जागरूकता मी माझ्या नोकरीत कधी पाहिली नाही.

"दोष निघाला तर खाली उतरवू" हे ऐकून तुम्ही टाळ्या वाजवल्या. तुमच्या डोक्यात प्रवासी होते. ऐकणाऱ्याच्या डोक्यात घराचं भाडं आणि मुलीची शाळा होती. दोघांचंही बरोबर आहे, पण दोघं एका मांडवात मावत नाहीत.

आता भागीदार म्हणून बोलतो, कारण कागदावर तुम्ही मला तसं केलंय. कुणाला बोलवायचं, काय विचारायचं, उत्तरं कुणाच्या हातात जाणार, यातलं एक तरी मला विचारलंत का? आमच्याकडे ज्याला फक्त फलक लावायला सांगतात त्याला शिपाई म्हणतात. शिपाई व्हायला माझी हरकत नाही, पण मग अर्जात तसं लिहा.

अर्थात मीही फार शहाणपणा करू नये. बदली मिळत होती. मीच घेतली नाही. तुमच्या मांडवात उभं राहून लोकांना "या, या" म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं.

सध्या घरीच आहे. गाडी दुरुस्तीला गेलीय. विशेष काही नाही. तुमच्या ताईला बहिणीची आठवण आली म्हणून ती चार दिवस तुमच्याकडे येतेय.

अण्णा


२४ फेब्रुवारी

प्रिय अण्णा,

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस फुगून बसलो होतो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की तुमचं म्हणणं खरं आहे. चौथ्या दिवशी ताई आल्या, आणि मग फुगायलाही सवड मिळाली नाही.

आधी एक स्पष्ट करतो. ताईंनी मला तुमच्याबद्दल काहीही सांगितलेलं नाही.

रविवारी दुपारी जेवून मी सोफ्यावर कलंडलो. जाग आली तेव्हा दोघी बहिणी समोर खुर्च्या ओढून माझ्याकडे बघत बसल्या होत्या. ताई म्हणत होत्या, "अगदी असंच! आता बघ, थांबेल... थांबलं. आता मोज." हिनं विचारलं, "किती वेळ थांबतं तुझ्याकडे?" ताई म्हणाल्या, "माझा हात त्यांच्या खांद्यावर जाईपर्यंत. मी हलवते, मग सुरू होतात." मग दोघी हसायला लागल्या. हसता हसता ताईंनी एकदम डोळ्याला पदर लावला. अण्णा, तुम्हाला वाटतं ताईंची झोप वाईट आहे. त्यांची झोप चांगली आहे हो. त्या पहाऱ्यावर असतात.

हिनं मला हे गेली कित्येक वर्षं सांगितलंय. मी म्हणायचो, "तुला भास होतात." त्याच आजारावर मी संशोधनाचा अर्ज लिहीत होतो तेव्हाही म्हणालो होतो. त्याच रात्री माझंच यंत्र मी लावून झोपलो. निकाल आमच्या कान-नाक-घसा विभागातल्या मित्राला नाव न सांगता दाखवला. तो म्हणाला, "कोण आहे हा? जिवंत आहे का?" तर माझ्या संशोधनाला पहिला रुग्ण मिळाला आणि त्याला शोधायला अजिबात लांब जावं लागलं नाही.

आता कळलं, माझी प्रश्नावली चुकीच्या माणसाच्या हातात होती. झोपलेल्याला काय विचारायचं? शेजारी जो जागा आहे त्याला विचारायला हवं. बायको, आई, भाऊ, खोलीतला सोबती. तुमच्या डेपोतल्या घरच्या मंडळींना बरोबर घेता येईल का?

आणि सहज विचारतो, एक रात्र तुम्हीही यंत्र लावून बघाल का? दुभाजकावर जाण्याइतपत कुणाची वेळ येऊ नये म्हणूनच ही सगळी धडपड आहे.

डॉक्टर


३ मार्च

डॉक्टर,

ताईनं काही सांगितलं नाही म्हणता, मग दुभाजक तुमच्या पत्रात चालत आला का? तुम्हाला गुपित सांगणं आणि सूचना फलकावर लावणं सारखंच.

असो. आता कळलंच आहे तर माझ्या तोंडून ऐका.

तुमच्या शिबिराचाच दिवस. परतीची फेरी, दुपारची वेळ, गाडी अर्धी भरलेली. पुलावरून खाली उतरलो, उजव्या हाताला फुलांचं दुकान दिसलं. पुढचं आठवतं ते एवढंच की गाडी दुभाजकावर चढली होती आणि मागे बायका किंचाळत होत्या. फुलांचं दुकान ते दुभाजक यात बराच रस्ता आहे. तो माझ्याकडे नाहीच. कुणीतरी कापून नेल्यासारखा.

कुणी दगावलं नाही. एका शिक्षिकेचं मनगट मोडलं, दोघातिघांना मुका मार लागला. मी त्या बाईंना हाताला धरून खाली उतरवलं. त्या मला म्हणाल्या, "तुम्हाला लागलं नाही ना?" त्यापेक्षा त्यांनी मला कानफटात मारायला हवी होती.

तपासनीस आले. त्यांनीच विचारलं, "ब्रेकनं दगा दिला का?" मी म्हणालो, "असेल." एवढंच. एक शब्द. तो कागदावर उतरता उतरता "ब्रेक निकामी झाला असे चालकाचे म्हणणे" असा झाला, आणि मी खाली सही केली. त्या दिवशी सकाळी ब्रेक तपासून गाडी सोडली होती ती आमच्या फोरमननं. दोनच दिवसांत तो निलंबित. माणूस असा की गाडीच्या आवाजात जरा फरक पडला तर जेवण सोडून उठतो.

आता गंमत ऐका. निलंबित कर्मचाऱ्याच्या बाजूनं चौकशीत उभं राहायचं काम संघटनेच्या सचिवाचं. म्हणजे माझं. परवा फोरमन घरी आला, माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "अण्णा, तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही." मी त्याला चहा दिला. त्याच्यावर आरोप करणारा मी, त्याचा वकील मी, आणि चहा देणाराही मीच. इतकी पदं एका माणसानं भूषवू नयेत.

खरं बोललो तर पंचवीस वर्षांची ड्रायव्हरकी संपली. नाही बोललो तर त्याची नोकरी संपली. तुमच्या प्रश्नावलीत यासाठी रकाना नाही.

अण्णा


८ मार्च

प्रिय अण्णा,

तुम्ही काय करावं ते मी सांगणार नाही. एक तर माझा सल्ला ऐकून आजवर कुणाचं भलं झाल्याचं दिसत नाही. दुसरं म्हणजे स्टिअरिंग तुमचं जाणार आहे, माझं नाही.

जे मला करता येतं ते केलंय. यंत्र हिच्या हातून ताईंकडे पाठवलंय. त्याचा निकाल फक्त तुमचा. डेपोला नाही, चौकशीला नाही, माझ्या संशोधनालाही नाही, तुम्ही म्हणेपर्यंत. एक मात्र डॉक्टर म्हणून सांगतो, आणि यात थट्टा नाही: निकाल येऊन उपचार लागू पडेपर्यंत गाडीला हात लावू नका. दुरुस्त होऊन आली तरी नाही.

दुसरं, सोबत एक करारनामा जोडतोय. पहिला मसुदा मी लिहिला होता, तो हिनं वाचला आणि विचारलं, "हे मराठीत कधी करणार?" म्हणून पुन्हा लिहिला. मुद्दे थोडेच आहेत. तपासणीतली नावं व्यवस्थापनाकडे जाणार नाहीत, फक्त एकूण आकडा जाईल. आजार निघेल त्याला उपचार होईपर्यंत खाली दुसरं काम, त्याच पगारावर. तब्येत सुधारली आणि चाचणीत उतरला की पुन्हा गाडी. या सगळ्यावर लक्ष ठेवायला समिती, तिच्यात आमच्या कॉलेजची माणसं कमी, तुमची आणि घरच्या मंडळींची जास्त. खोडा, कापा, वाढवा. तुमची सही माझ्या सहीच्या वर असेल.

हा कागद घेऊन मी तुमच्या व्यवस्थापकांना भेटलो. टाय लावून गेलो होतो. त्यांनी मला ओळखलं, "पुष्पगुच्छवाले ना?" म्हणाले, आणि कागद न वाचता बाजूला ठेवला.

विभागप्रमुख बाई म्हणतात, तिघांवर अहवाल लिहून विषय मिटवा. मी नाही म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच बाईंना नाही म्हणालो. नंतर घरी येऊन पाणी प्यायलो.

माझे उपचार सुरू झालेत. रात्री नाकाला मास्क लावायचा, त्याची नळी उशाच्या यंत्राला जोडलेली. आरशात बघितलं तर सोंड लावलेला माणूस. पण आठवड्याभरात फरक पडला. परवाच्या विभागाच्या बैठकीत मी पूर्ण वेळ जागा होतो आणि आमच्या बैठकांत काय बोलतात ते पहिल्यांदाच ऐकलं. झोपत होतो तेच बरं होतं.

चौकशीच्या दिवशी तुम्ही काहीही बोललात तरी मी बाहेर बाकावर बसलेला असेन.

तुमचा,
डॉक्टर


९ एप्रिल

प्रिय डॉक्टर,

त्या दिवशी तुम्ही बाकावर होतात, पण आतलं तुम्हाला ऐकू आलं नाही, आणि नंतर माझ्याच्यानं बोलवलं नाही. आता सगळं नीट सांगतो.

यंत्र लावून झोपलो होतो. निकाल तुम्ही पाहिलाच आहे. तुमच्यापेक्षा माझे आकडे वरचढ निघाले, साडूंमध्ये मोठा मी आहे हे सिद्ध झालं. त्यानंतर चार-पाच दिवस मी मनाशी वकिली करत होतो. आजार होता, म्हणजे माझा दोष नाही. माझा दोष नाही, म्हणजे बोलायची गरज नाही. युक्तिवाद उत्तम होता. तुमच्या ताईला ऐकवला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "झोप लागली यात तुमचा दोष नाही. 'असेल' म्हणालात तेव्हा जागे होतात ना?"

चौकशीच्या खोलीत टेबलापलीकडे तिघे अधिकारी. फोरमन माझ्या शेजारच्या खुर्चीवर, धुतलेला शर्ट घालून. मला म्हणाले, "सचिव, कर्मचाऱ्याच्या बाजूनं बोला." मी उभा राहिलो. भाषणं करून आयुष्य गेलं माझं, हे सगळ्यात छोटं. म्हणालो, "ब्रेक ठीक होता. मी झोपलो होतो. यांचा काही संबंध नाही."

एक अधिकारी म्हणाले, "मग इतके दिवस काय करत होता?" मी म्हणालो, "भीत होतो."

मला वाटत होतं फोरमन काहीतरी म्हणेल. तो उठला, खुर्ची सरळ केली आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेला. त्याला कामावर परत घेतलं. तेव्हापासून आजतागायत तो माझ्याशी बोललेला नाही. त्याचं बरोबर आहे. त्याच्या बायकोनं महिनाभर शेजाऱ्यांना तोंड दाखवलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

मी सचिवपदाचा राजीनामा दिला. संघटनेनं तो अजून वाचलेला नाही, लेखी गोष्टींचं आमच्याकडे असंच होतं. मला गाडीवरून उतरवून चौकशीच्या खिडकीवर बसवलंय, पगार कापून. "ही बस कधी येईल?" असं दिवसभर लोक विचारतात. पंचवीस वर्षं चालवली, पण बस उशिरा आली की कसं वाटतं ते आत्ता कळतंय.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मी खोलीत काय बोललो ते डेपोभर पसरलं आणि दुसऱ्या दिवसापासून माणसं खिडकीवर येऊ लागली. इकडेतिकडे बघून हळूच विचारायची, "अण्णा, ते फुलांच्या दुकानानंतरचं... तसं मलाही एकदा झालं होतं." एक, मग दुसरा, मग तिसरा. मी सगळ्यांना एकच सांगितलं, "घरी बायकोला विचार, रात्री तुझं काय होतं."

त्यांनी विचारलं. नंतरचं तुमच्या ताईनं हातात घेतलं. मागच्या गुरुवारी दुपारी डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत बायकांची बैठक झाली. कुणाच्या आया होत्या, एकाचे म्हातारे वडीलही होते. खोलीत खाटांवर सकाळची पाळी संपवून चालक झोपले होते. ताईनं व्यवस्थापकांना निरोप धाडला, "दोन मिनिटं या." ते आले. ती म्हणाली, "साहेब, बोलू नका. नुसतं ऐका."

व्यवस्थापक उभे राहिले. खाटांवर घोरणं चाललं होतं. मग कोपऱ्यातल्या खाटेवरचं थांबलं. एकदम. त्याची आई पुढे झाली, पण ताईनं तिला थांबवलं. सगळी खोली त्या एका माणसाकडे बघत होती. व्यवस्थापकांनीच आधी तोंड उघडलं, "अहो, उठवा त्याला! श्वास घेत नाहीये तो!" तेवढ्यात तो आचका देऊन घोरायला लागला. ताई म्हणाली, "चारला याची गाडी आहे. पेन आणलंय का?"

त्यांनी करारनाम्याचा कागद वाचला. पगाराच्या मुद्द्यावर बरीच घासाघीस केली, वर विचारून सांगतो म्हणाले, सोमवारी सही करून पाठवला. खाली माझ्या सहीच्या आधी तुमच्या ताईची सही आहे. भागीदार बदलला आहे, अर्जात दुरुस्ती करा. कोपऱ्यातल्या त्या माणसाला त्या दिवशी चारच्या गाडीवर पाठवलं नाही, हेही कळवतो.

अण्णा


२० जुलै

प्रिय अण्णा,

ताईंच्या समितीनं मला काल तासभर झापलं, म्हणजे काम व्यवस्थित चाललंय. यंत्रं वेळेवर परत येत नाहीत, निकाल सांगताना मी अवघड शब्द वापरतो, आणि मास्क चेहऱ्याला बसतो की नाही हे बघायला घरी कुणी जात नाही, अशा तक्रारी होत्या. तिन्ही खऱ्या. आता मी संध्याकाळी घरोघर जातो. लोकांच्या बैठकीच्या खोलीत बसून त्यांच्या मालिका बघतो आणि मास्कचे पट्टे ओढून देतो. संशोधन असं असतं हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

डेपोतले जवळजवळ सगळे चालक तपासून झालेत. आजार माझ्या अंदाजापेक्षा बऱ्याच जणांत निघाला. कुणाचीही नोकरी गेलेली नाही. अहवाल लिहितोय. लेखकांच्या यादीत ताईंचं नाव घातलं तर संपादकांनी त्यांची पदवी विचारली. मी "पहारेकरी" असं लिहून पाठवलं होतं, ते विभागप्रमुख बाईंनी खोडलं. नाव मात्र राहिलं.

आमच्या जिन्यातले समोरचे गृहस्थही परवा यंत्र घेऊन गेले. त्यांची बायको म्हणाली, भिंतीतून तुमचं ऐकू यायचं ते बंद झालं, तेव्हा वाटलं काहीतरी उपाय असावा. तुमची चाचणी कधी आहे?

डॉक्टर


१४ सप्टेंबर

प्रिय डॉक्टर,

चाचणीत उतरलो. डॉक्टरांनी पास केलं, रस्त्यावरची परीक्षा झाली, सगळे शिक्के बसले. काल गाडी मिळाली. जवळची, छोटी फेरी. एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर मी सगळे आरसे तीन-तीनदा पुसले. वाहक पोरगेलासा आहे, तो मला धीर देत होता.

गाडी सुटायच्या वेळी फोरमन आत चढला. कामाचे कपडे नव्हते, साधा शर्ट. डेपोच्या माणसाला तिकीट लागत नाही, तरी त्यानं काढलं. सगळी गाडी रिकामी असताना बरोबर माझ्या मागच्या जागेवर येऊन बसला. मला वाटलं, पाळत ठेवायला आला. वाटलं, बरंय, ठेव. त्याचा हक्क आहे.

पूर्ण फेरीभर आरशात मला त्याचं कपाळ तेवढं दिसत होतं. पूल उतरलो. उजवीकडे फुलांचं दुकान गेलं. मग चप्पलवाला, मग बँक, मग एक बंद पडलेलं चित्रपटगृह, मग शाळेची भिंत. डॉक्टर, तो सगळा रस्ता तिथेच होता. मी एक एक दुकान वाचत गेलो.

शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. फोरमन सगळ्यात मागे राहिला. पायरीवर थांबून त्यानं विचारलं, "उद्या हीच फेरी तुमच्याकडे आहे?"

मी म्हणालो, "आहे."

"मग बायकोला घेऊन येतो. तिला बहिणीकडे जायचंय."

आणि उतरून गेला. मी गाडी बंद करून पाच मिनिटं तसाच बसून राहिलो. वाहक घाबरून धावत आला, त्याला वाटलं मला झोप लागली.

आज ती दोघं आली होती. बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. मी एकही खड्डा त्यांना लागू दिला नाही.

तुमचा,
अण्णा